कोब्रा संपतोय? प्लॅन नंतर बघा, आधी वर्षाचं उत्पन्न मांडा

ताई, सप्रेम नमस्कार.

आम्ही बरीच वर्षं एडिसनला आहोत, ग्रीन कार्ड आहे. माझ्या मिस्टरांचा (वय ६१) गेल्या वर्षी फेब्रुवारीत लेऑफ झाला. कंपनी मोठी होती, त्यामुळे कोब्रा मिळाला, म्हणजे नोकरी गेल्यावरही कंपनीचाच आरोग्य विमा पूर्ण हप्ता स्वतः भरून काही काळ चालू ठेवायची सोय. तिघांचा मिळून महिन्याला २,६०० डॉलर हप्ता भरतोय. १८ महिने ३१ ऑगस्टला पूर्ण होतात. मी ५७ वर्षांची, एका डे-केअरमध्ये आठवड्याला वीस तास काम करते, तिथे विमा नाही. मुलगी २२ची, पिट्सबर्गला मास्टर्स करते. ह्यांना चार वर्षांपूर्वी स्टेंट टाकलाय, डायबेटिसही आहे. मला थायरॉइड आणि गुडघे. हे थोडंफार कन्सल्टिंग करतात; दोघांचं मिळून वर्षाला ९० हजारांच्या आसपास होतं. शिवाय कोथरूडचा फ्लॅट भाड्याने दिलाय आणि एनआरईमध्ये (परदेशस्थ भारतीयांच्या बँक खात्यात) एफडी आहेत, पण ते तिकडचं तिकडेच. ऑक्टोबरात मुलीच्या फीसाठी ह्यांच्या ४०१(के)मधून, म्हणजे नोकरीतल्या रिटायरमेंटच्या खात्यातून, १५ हजार काढायचं ठरलंय.

हे म्हणतात, जुलैपासूनच कोब्रा बंद करू, पाच हजार वाचतील, आणि मार्केटप्लेसमधून, म्हणजे वैयक्तिक विमा घ्यायच्या सरकारी बाजारातून, स्वस्त काहीतरी घेऊ. सॅन होजेच्या माझ्या जाऊबाईंना कोब्रा ३६ महिने मिळाला, आम्हाला का नाही? पुण्याचे मोठे दीर म्हणतात, कशाला एवढे पैसे घालवता, काही झालं तर इकडे या. आणि एका मैत्रिणीने फोन नंबर दिलाय, तिथला माणूस तिघांचा प्लॅन ४५० डॉलरमध्ये, शून्य डिडक्टिबलने (म्हणजे विमा लागू होण्याआधी आपल्या खिशातून काही न भरता) देतो म्हणतो, पण आजच्या आज कार्ड नंबर मागतो. डोकं चालेनासं झालंय. मी डे-केअरमध्ये पूर्णवेळ व्हावं का, हाही प्रश्न आहेच.

— गोंधळलेली, एडिसन, न्यू जर्सी


नमस्कार.

घाईची गोष्ट आधी सांगते. जुलैचा हप्ता थांबवू नका. ऑगस्टचाही थांबवू नका. पाच हजार डॉलर ही काही लहान रक्कम नाही, मिस्टरांचा हिशेब मला कळतो. पण मार्केटप्लेसचं दार वर्षभर उघडं नसतं. नोव्हेंबरमध्ये सगळ्यांसाठी उघडतं, आणि एरवी कुणाचं कव्हरेज गेलं तर त्याच्यापुरतं, विशेष नोंदणी म्हणून उघडतं. कोब्राची मुदत पूर्ण होऊन तो संपला तर हे खास दार तुमच्यासाठी उघडतं. तुम्ही स्वतःहून तो मध्येच सोडला किंवा हप्ता भरला नाही म्हणून तो बंद झाला, तर उघडत नाही. मग थेट १ नोव्हेंबरची वाट बघायची आणि विमा सुरू होणार १ जानेवारीला. म्हणजे जुलै ते डिसेंबर, पूर्ण सहा महिने, स्टेंट असलेला माणूस विम्याशिवाय. पाच हजारांसाठी हा जुगार खेळू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

कोब्राचे हप्ते भरायला जुन्या एचएसए खात्यात (औषधोपचारासाठीच्या करमुक्त बचत खात्यात) काही शिल्लक असेल तर ती वापरता येते. एरवीच्या विम्याच्या हप्त्याला एचएसएचे पैसे सहसा चालत नाहीत, कोब्राला चालतात. कंपनीच्या काळातलं असं एखादं खातं विस्मरणात गेलंय का, ते बघा.

जाऊबाईंचं म्हणाल तर त्याही बरोबर आणि तुम्हीही बरोबर. केंद्राच्या कायद्याने नोकरी गेल्यावर १८ महिनेच मिळतात. घटस्फोट किंवा नोकरदाराचा मृत्यू अशा कारणांनी कव्हरेज गेलं तर जोडीदाराला आणि मुलांना ३६. कॅलिफोर्निया राज्याने आपल्या कायद्यात वरचे १८ महिने जोडून दिलेत, न्यूयॉर्कनेही. त्यातसुद्धा कंपनी स्वतःच्या तिजोरीतून दावे भरणारी असेल तर राज्याचा कायदा तिला लागू होत नाही. तुम्ही न्यू जर्सीत आहात आणि मोठ्या कंपनीचा प्लॅन होता, त्यामुळे १८ वर विषय संपला.

आता तारखा. कव्हरेज जाण्याच्या ६० दिवस आधीपासून ६० दिवस नंतरपर्यंत तुम्हाला नोंदणी करता येते. तुमच्या बाबतीत २ जुलैला ही मुदत सुरू होते. ३१ ऑगस्टच्या आत प्लॅन निवडलात तर तो १ सप्टेंबरला चालू होतो, एक दिवसही खंड पडत नाही. सप्टेंबरात निवडलात तर १ ऑक्टोबरला. कागदोपत्री ऑक्टोबरअखेरपर्यंत वेळ आहे, पण त्या वेळेचा तुम्हाला काही उपयोग नाही. न्यू जर्सीत विमा नसेल तर राज्याच्या टॅक्समध्ये दंड बसतो. एखाद्या महिन्याच्या खंडाला तो माफ असतो. मला काळजी दंडाची नाही, त्या एका महिन्यात छातीत कळ आली तर काय, याची आहे.

कोब्रा सांभाळणाऱ्या कंपनीकडून एक पत्र आत्ताच मागून घ्या: तिघांची नावं, कव्हरेज संपण्याची तारीख, आणि मुदत पूर्ण झाल्यामुळे संपत आहे हा उल्लेख. नोंदणी करताना हा पुरावा अपलोड करावा लागतो. ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात फोन करून ‘युवर कॉल इज इम्पॉर्टंट टू अस’ ऐकत बसण्यापेक्षा जूनमध्ये ऐकलेलं बरं.

आता तुमच्या पत्रातल्या त्या अर्ध्या ओळीकडे येते: ‘ते तिकडचं तिकडेच.’ तुमचा खरा प्रश्न कुठला प्लॅन घ्यावा हा नाहीच. या वर्षीचं तुमचं उत्पन्न किती धरलं जाणार, हा आहे. बाकी सगळं त्यावर ठरतं.

कारण असं. २०२१ पासून केंद्र सरकारने मार्केटप्लेसच्या हप्त्यावरची सवलत वाढवली होती. उत्पन्न जास्त असलं तरी थोडीफार मिळायची. ती वाढीव सवलत २०२५ संपताना संपली. २०२६ च्या विम्यासाठी दारिद्र्यरेषेच्या चौपट ही पुन्हा लक्ष्मणरेषा झाली आहे. तिघांच्या कुटुंबासाठी ती १,०६,६०० डॉलर. त्याच्या आत असाल तर तुमच्या थरातल्या कुटुंबाने उत्पन्नाच्या ९.९६ टक्के भरायचे आणि त्यावरचा हप्ता सरकार उचलतं. हे गणित दुसऱ्या क्रमांकाच्या स्वस्त सिल्व्हर प्लॅनवर बेतलेलं असतं. म्हणजे उत्पन्न एक लाख धरलं तर त्या प्लॅनचे तुम्हाला महिन्याला साधारण ८३० डॉलर पडतील, मग मूळ हप्ता कितीही असो. आणि तुमच्या वयाला मूळ हप्ता भरपूर असतो. कायद्याने साठीच्या आसपासच्या माणसाकडून एकविशीतल्याच्या तिपटीपर्यंत घेता येतो. रेषा ओलांडली की केंद्राची सवलत एकदम शून्य. कमी होत होत नाही, सरळ शून्य.

आता तुमचं उत्पन्न मांडू. तुम्ही ९० हजार लिहिलंत. ग्रीन कार्डधारकाला जगभरातल्या उत्पन्नावर इथे टॅक्स आहे, त्यामुळे कोथरूडचं भाडं यात येतं. एनआरई ठेवींचं व्याज भारतात करमुक्त असलं तरी अमेरिकेत नाही, तेही यात येतं. भाड्यावर तिकडे टीडीएस कापला गेला असेल तर इथल्या टॅक्समध्ये त्याचं क्रेडिट मिळेल, पण त्याने उत्पन्नाचा आकडा खाली येत नाही. ही गल्लत आपल्याकडे फार होते. (हे सगळं रिटर्नमध्ये दरवर्षी दाखवत असाल आणि एफबीएआर, म्हणजे परदेशी खात्यांची माहिती देणारा फॉर्मही, भरत असाल असं मी धरून चालते. नसाल, तर विम्याच्या आधी सीपीए, म्हणजे इथला सीए, गाठा.) भाड्यातून सोसायटीचा मेंटेनन्स, प्रॉपर्टी टॅक्स, घसारा वजा होतो. तरीही समजा, भाडं आणि व्याज मिळून आठ-नऊ हजार डॉलर झाले. ९९ हजारांवर पोचलो. अजून रेषेच्या आत आहोत.

आणि मग ऑक्टोबरात ४०१(के)मधून १५ हजार निघणार. १,१४,०००. गेलो पलीकडे.

मिस्टरांचं वय साडेएकोणसाठच्या पुढे असल्याने त्यावर दंड नाही, म्हणून हा पैसा फुकटचा वाटतो. पण तो सगळा त्या वर्षाचं उत्पन्न धरला जातो. सवलत आगाऊ घेऊन बसला असाल तर एप्रिलमध्ये रिटर्न भरताना ती पैन् पै परत. कमी उत्पन्नवाल्यांना परतफेडीवर पूर्वी जी कमाल मर्यादा होती, तीही २०२६ च्या टॅक्सपासून काढून टाकली आहे.

मग फी कुठून भरायची? तुमच्या त्याच एनआरई खात्यातून. ठेव मोडून मुद्दल इकडे आणलं तर ते उत्पन्न नाही, तुमचीच बचत आहे. व्याज तेवढं उत्पन्न. रॉथ खातं (टॅक्स आधीच भरलेल्या पैशांचं रिटायरमेंट खातं) जुनं असेल तर त्यातून काढलेलेही मोजत नाहीत. किंवा कॉलेजकडे हप्ते मागा आणि ४०१(के)चा भाग जानेवारीवर ढकला. तो पुढच्या वर्षाच्या हिशेबात जाईल, मात्र पुढच्या वर्षाचंही गणित तेव्हा मांडावंच लागेल.

आकडा खाली आणायचे सरळ मार्गही आहेत. कन्सल्टिंगमध्ये १०९९ या टॅक्सच्या फॉर्मवर आलेली पूर्ण रक्कम धरायची नसते. खर्च वजा जाऊन उरतो तो नफा धरतात, आणि सेल्फ-एम्प्लॉयमेंट टॅक्सचा निम्मा भागही वजा होतो. तुम्ही ९० हजार म्हणताना हे धरलं होतं का? शिवाय पारंपरिक आयआरए, म्हणजे स्वतः उघडायचं रिटायरमेंट खातं. पन्नाशीपुढच्या माणसाला २०२६ साठी ८,६०० डॉलरपर्यंत भरता येतात, आणि दोघांपैकी कुणालाच सध्या नोकरीतली रिटायरमेंट योजना नसेल तर ते पूर्ण वजा होतात. यातली गंमत अशी की २०२६ चा आयआरए एप्रिल २०२७ पर्यंत भरता येतो. म्हणजे वर्ष संपल्यावर, सगळे आकडे समोर असताना, दोन-चार हजारांनी रेषेच्या पलीकडे गेलेलं उत्पन्न अलीकडे ओढता येतं. डिसेंबरात एफडीचं व्याज अचानक जमा झालं म्हणून घाबरायला नको.

मुलगी पूर्णवेळ विद्यार्थिनी आहे आणि तुमच्या रिटर्नवर आहे तोवर कुटुंब तिघांचंच धरतात, तिने विमा वेगळा घेतला तरीही. दोघांचं कुटुंब झालं तर रेषा ८४,६०० वर येते. म्हणून यंदा तिने ‘मी स्वतंत्र रिटर्न भरते’ असा उत्साह दाखवला तर आधी सीपीएला विचारा.

रेषेजवळचं उत्पन्न असताना मी सांगेन, सवलत आगाऊ सगळी घेऊ नका. अर्धी घ्या, उरलेली रिटर्न भरताना मागा. तशी सोय आहे. फक्त त्यासाठी प्लॅन मार्केटप्लेसमधूनच, म्हणजे तुमच्या राज्यात ‘गेट कव्हर्ड न्यू जर्सी’मधूनच घेतलेला हवा. तोच प्लॅन विमा कंपनीच्या वेबसाइटवरून थेट घेतलात तर सवलत आत्ताही नाही आणि नंतरही नाही. न्यू जर्सीची स्वतःची राज्य सवलतही आहे, तिची उत्पन्नमर्यादा केंद्रापेक्षा वर आहे, आणि तीही याच दारातून मिळते. उलट मिस्टरांचं काम एकदम बंद पडलं आणि उत्पन्न फार खाली गेलं, तर त्याच अर्जातून तुम्हाला एनजे फॅमिलीकेअर या कमी उत्पन्नवाल्यांसाठीच्या सरकारी योजनेकडे पाठवतील. त्यात कमीपणा काही नाही.

आता प्लॅन. आधी एक ध्यानात घ्या, तुम्ही फक्त चार महिन्यांचा विमा घेताय. १ सप्टेंबरला नव्या प्लॅनचं डिडक्टिबल शून्यापासून मोजायला लागणार आणि १ जानेवारीला पुन्हा शून्य होणार. कोब्राच्या प्लॅनमध्ये या वर्षात भरलेलं डिडक्टिबल सोबत येत नाही. म्हणून कोब्राचं डिडक्टिबल भरत आलं असेल तर जुलै-ऑगस्टमध्ये जी कामं ठरलेली आहेत ती उरकून घ्या: मिस्टरांची हृदयाची तपासणी, स्ट्रेस टेस्ट सांगितली असेल तर ती, तुमच्या गुडघ्यांचा एमआरआय. आणि ऑगस्टच्या मध्यावर सगळ्या गोळ्यांचा ९० दिवसांचा साठा भरून घ्या. नव्या कंपनीत एखाद्या औषधाला पूर्वमंजुरी नव्याने लागते, त्यात दोन-तीन आठवडे सहज जातात, आणि रक्त पातळ करण्याची गोळी दोन आठवडे थांबत नाही.

ब्रॉन्झ, सिल्व्हर, गोल्ड या नावांत डॉक्टर चांगला-वाईट असा काही अर्थ नसतो. सरासरीने खर्चाचा किती वाटा कंपनी उचलणार, एवढंच ते सांगतं: अनुक्रमे ६०, ७०, ८० टक्के. सिल्व्हरवर डिडक्टिबल कमी करून मिळण्याची जी खास सोय आहे ती दारिद्र्यरेषेच्या अडीचपटीपर्यंतच; तुम्ही तिच्या बाहेर आहात, त्यामुळे सिल्व्हरच घ्या असा आग्रह कुणी धरला तर ऐकू नका. आणि नवरा-बायकोने एकच प्लॅन घ्यायला पाहिजे असा नियम नाही. हे फार कमी लोकांना माहीत असतं. मिस्टरांना दर काही महिन्यांनी कार्डिऑलॉजिस्ट, एन्डोक्रिनॉलॉजिस्ट, रोजच्या चार-पाच गोळ्या. त्यांना गोल्ड बघा. तुमचं गुडघ्याचं ऑपरेशन या चार महिन्यांत ठरलेलं नसेल तर तुम्हाला ब्रॉन्झ पुरेल. यंदापासून मार्केटप्लेसचे ब्रॉन्झ प्लॅन एचएसएला पात्र झालेत, त्यात भरलेले पैसेही उत्पन्नातून वजा होतात. कुठलाही प्लॅन घेतला तरी नेटवर्कमधल्या, म्हणजे प्लॅनशी करार असलेल्या डॉक्टर-हॉस्पिटलांकडच्या, खर्चाला २०२६ मध्ये माणशी १०,६०० डॉलरच्या वर तुमच्या खिशाला हात लागत नाही.

प्रीमियमपेक्षा मी नेटवर्कला जास्त वेळ देईन. कंपनीचा प्लॅन होता तेव्हा जवळजवळ कुठलाही डॉक्टर चालायचा. वैयक्तिक प्लॅन बहुतेक ईपीओ किंवा एचएमओ या ठरावीक नेटवर्कच्या प्रकारातले असतात. नेटवर्कबाहेर गेलात तर इमर्जन्सी सोडून एक पैसा मिळत नाही. इथे लोक फसतात ते असे. कार्डिऑलॉजिस्टच्या ऑफिसला फोन करतात, विचारतात, “तुम्ही अमुक कंपनीचा इन्शुरन्स घेता का?” पलीकडून रिसेप्शनिस्ट “येस, वी डू” म्हणते आणि फोन ठेवते. ती खोटं बोलत नाही. त्या कंपनीचे दहा प्लॅन असतात, त्यातले सात ते घेतात. म्हणून बिलिंगवालीशी बोला. मार्केटप्लेसच्या पानावर प्लॅनचं जे लांबलचक नाव असतं ते अक्षर न् अक्षर वाचून दाखवा, शेवटचा ‘व्हॅल्यू’ किंवा ‘सिलेक्ट’ असा शब्दसुद्धा, आणि डॉक्टरांचं नाव घेऊन विचारा. स्टेंट ज्या हॉस्पिटलात टाकला त्या हॉस्पिटलसाठी हाच फोन पुन्हा. मग तुमच्या औषधांची यादी घेऊन प्लॅनच्या फॉर्म्युलरीत, म्हणजे त्यांच्या औषधांच्या यादीत, एकेक गोळी शोधा, कुठल्या टियरमध्ये (किमतीच्या गटात) आहे, पूर्वमंजुरी लागते का. एक दुपार जाईल. चहा करून बसा.

मुलीला या प्लॅनमध्ये घालू नका. न्यू जर्सीच्या ईपीओला पिट्सबर्गमध्ये इमर्जन्सीपलीकडे अर्थ नाही. साधा ताप आला तरी तिला पाच-सहा तास गाडी चालवून यावं लागेल. तिच्या विद्यापीठाची विद्यार्थी योजना घ्या. नवं सत्र ऑगस्टअखेर सुरू होतं, त्यामुळे तारखाही जुळतील. दरवर्षी तिने ‘माझा विमा आहे’ म्हणून ती योजना नाकारली असेल; या वर्षी तो वेव्हर भरायचा नाही, एवढं तिला आजच फोनवर सांगा. ही मुलं ईमेल न वाचता क्लिक करतात.

प्लॅन निवडला म्हणजे विमा झाला असं नाही. पहिला हप्ता कंपनीला पोचला की तो चालू होतो. सप्टेंबरचा हप्ता ऑगस्टमध्येच भरा आणि कार्ड हातात आल्याशिवाय स्वस्थ बसू नका. नोव्हेंबरात पुन्हा एकदा सगळं बघायचं आहे, कारण २०२७ चे हप्ते आणि नेटवर्क बदलतील. डिसेंबरच्या मध्याआधी उरका.

हे सगळं एकटीने करायला जड जात असेल तर परवानाधारक ब्रोकर किंवा मार्केटप्लेसचे मदतनीस तुमच्याकडून एकही डॉलर न घेता करून देतात. ब्रोकरचं कमिशन विमा कंपनी देते. याउलट मैत्रिणीने दिलेला तो नंबर ब्लॉक करा. खरा, कायद्यात बसणारा प्लॅन विकणारा माणूस ‘डायबेटिस आहे का, हार्टचं काही आहे का’ असं विचारूच शकत नाही. २०१४ पासून जुन्या आजारावरून नकार देता येत नाही आणि हप्ताही वाढवता येत नाही. वय, पत्ता, फार तर तंबाखू, एवढंच. तो विचारत असेल तर तो विमा विकत नाहीये. बहुधा दिवसाला ठरावीक शे-दोनशे डॉलर देणारी योजना किंवा नुसतं डिस्काउंट कार्ड असतं. त्याला म्हणा, ‘समरी ऑफ बेनिफिट्स अँड कव्हरेज’ ईमेल कर, वाचून सांगते. तो मग फोन करणार नाही. व्हिजिटर इन्शुरन्स घ्या असंही कुणीतरी सुचवेल. तो इकडे फिरायला आलेल्या आई-वडिलांसाठी असतो, इथे राहणाऱ्यांसाठी नाही.

मोठ्या दिरांचा जीव तुटतो म्हणून ते म्हणतात, त्यांना तसं उत्तर देऊ नका. पण ज्याच्या हृदयात स्टेंट आहे तो छातीत दुखायला लागल्यावर नूअर्कहून मुंबईचं विमान पकडू शकत नाही. तिकडची मेडिक्लेम असेल तर ती तिकडे उपयोगी, इथे नाही. दातांचं काम मात्र खुशाल पुण्यात करा. मोठ्यांचे दात इथल्या प्लॅनमध्ये तसेही सहसा येत नाहीत.

इतर वाचकांसाठी दोन गोष्टी, कारण या विषयावर पत्रं बरीच येतात. एच-१बी (नोकरीच्या) किंवा एच-४ (त्यांच्या कुटुंबाच्या) व्हिसावर असलेल्यांना मार्केटप्लेसच्या हप्त्यावर यंदा सवलत मिळू शकते, पण २०२७ पासून ती बंद होते. विमा घेता येईल, पूर्ण हप्ता भरून. आणि पासष्टी गाठणाऱ्यांनी कोब्रावर विसंबून मेडिकेअर या ज्येष्ठांच्या सरकारी विम्याचा पार्ट बी (डॉक्टरांच्या खर्चाचा भाग) लांबवू नये. नोकरी संपल्यापासून आठ महिन्यांची मुदत असते, कोब्रा संपल्यापासून नाही, आणि उशिराचा दंड आयुष्यभर चिकटतो.

राहिला तुमच्या डे-केअरचा प्रश्न. केवळ विम्यासाठी पूर्णवेळ व्हावं का, तर आधी पूर्णवेळ कर्मचाऱ्यांना ते विमा देतात का ते विचारा. अर्धवेळ कामाचे तासही जमेस धरून ५० पेक्षा कमी पूर्णवेळ माणसं भरणाऱ्या जागेवर तशी सक्ती नाही. देत असतील तर जोडीदाराला घेता येतं का आणि त्याचा हप्ता किती, हेही विचारा. नोकरीतला विमा ‘परवडणारा’ ठरला, म्हणजे घरच्या उत्पन्नाच्या ९.९६ टक्क्यांच्या आत बसला, तर मार्केटप्लेसची सवलत तुम्हाला मिळणार नाही, त्यामुळे दोन्ही आकडे शेजारी ठेवून बघावे लागतील. गुडघे दुखत असताना दिवसभर दोन-दोन वर्षांच्या पोरांमागे धावणं जमेल का, हे तुम्हीच जाणता. आणि नोकरीतल्या विम्यात कोब्रा संपल्यानंतर घुसायची मुदत मार्केटप्लेससारखी ६० दिवसांची नसते, बऱ्याच ठिकाणी ३० दिवसांचीच असते. म्हणून डिरेक्टरबाईंशी जुलैतच बोला, सप्टेंबर उजाडायची वाट बघू नका.